तात्पर्याच्या आधी : माध्यमिक शाळेत सिनेमा शिकताना



आजचा विषय साधा दिसतो. माध्यमिक शाळेत, म्हणजे साधारण आठवी ते दहावीच्या वयात, सिनेमा बघायला आणि सिनेमा करायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? 'शिकवावा की नाही' यावर आम्ही वेळ घालवणार नाही. मुलं सिनेमा बघतातच, आणि आता तर हातातल्या फोनवर चित्रीकरणही करतात. शाळेने दार बंद ठेवलं म्हणून ते थांबत नाही. प्रश्न एवढाच की शाळा त्यात काही भर घालणार आहे का. आणि घालायची म्हणून ती जी भर घालते, तिने सिनेमा वाढतो की मरतो?

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. आपल्या शाळेला प्रत्येक गोष्टीचं तात्पर्य काढायची सवय आहे. सिनेमाही याच सवयीने शिकवला, तर सिनेमाचं विश्लेषण म्हणजे तात्पर्य शोधणं होईल आणि सिनेमा करणं म्हणजे तात्पर्य चिकटवणं होईल. दोन्हींत सिनेमा नसेल. उपाय एकच दिसतो. विश्लेषण आणि निर्मिती हे दोन तास वेगळे न ठेवता, दोन्ही एकाच प्रश्नाभोवती आणायचे. तो प्रश्न असा : इथे निर्णय काय घेतला, आणि दुसरा कोणता घेता आला असता?

रसग्रहणाचा साचा

शाळेत सिनेमा पूर्वीपासून आहे. 'श्यामची आई' पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून दाखवला गेला. आचार्य अत्र्यांनी तो १९५३ साली केला आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट. पण बघून आल्यावर वर्गात काय विचारलं जायचं? 'या चित्रपटातून तुम्हांला काय बोध मिळाला?' प्रश्न वाईट नाही. पण त्याचं उत्तर द्यायला सिनेमा बघावा लागत नाही. पुस्तक वाचून, किंवा दोन्ही न करता, कुणाकडून तरी ऐकूनही तेच उत्तर लिहिता येतं. ज्या प्रश्नाचं उत्तर सिनेमा न बघता देता येतं, तो सिनेमाचा प्रश्न नव्हेच.

कवितेचं काय झालं ते आपल्यासमोर आहे. दहावीच्या मराठीत रसग्रहणाचा प्रश्न असतो. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे मुद्दे ठरलेले. मुद्दे ठरवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, मुलाला कुठे बघायचं ते कळावं. पण परीक्षेच्या दारातून आत आल्यावर त्याच मुद्द्यांचे तयार परिच्छेद झाले, आणि ते कोणत्याही कवितेखाली बसायला लागले. 'कवीने साध्या सोप्या शब्दांत मोठा आशय मांडला आहे' हे वाक्य कोणत्या कवितेला लागू होत नाही, सांगा बघू?

उद्या सिनेमा असाच विषय म्हणून आला तर काय होईल याचा अंदाज करायला ज्योतिषी नको. कथा, अभिनय, छायाचित्रण, संगीत, संदेश असे पाच मुद्दे होतील. 'छायाचित्रण अप्रतिम आहे' याला एक गुण. आणि मुलगा न बघताच पास.

दुसरं टोक : संदेशाचा लघुपट

आता निर्मितीकडे या. हल्ली लघुपट स्पर्धा पुष्कळ होतात, शाळाही भाग घेतात. उत्साह असतो, मुलं राबतात. पण बहुतेक लघुपटांचा विषय आधी ठरून येतो : पाणी वाचवा, झाडे लावा, मोबाइलचा अतिरेक टाळा. मग एक वाया जाणारं पाणी, एक शहाणी मुलगी, पाठीमागे करुण सूर आणि शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत संदेश.

संदेशाला आमचा विरोध नाही. पाणी वाचवायलाच हवं. पण त्या मुलांना आपण काय शिकवलं? हेच, की अर्थ आधी तयार असतो आणि कॅमेरा म्हणजे तो घरोघर पोचवणारी सायकल. म्हणजे रसग्रहणातलाच आजार उलट बाजूने. तिथे सिनेमातून तात्पर्य काढून सिनेमा टाकून द्यायचा, इथे तात्पर्य घेऊन त्याच्याभोवती सिनेमा गुंडाळायचा. दोन्हीकडे कॅमेऱ्याने मुलाला नवं असं काहीच दाखवलेलं नसतं.

'फँड्री'तलं एक थांबणं

आता उदाहरण घेऊ. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री'. बनला २०१३ साली, आपल्याकडे चित्रपटगृहांत आला २०१४ मध्ये. गोष्ट तुम्हांला माहीत असेल : जब्या हा कैकाडी कुटुंबातला शाळकरी मुलगा. गावातली डुकरं पकडण्याचं काम त्याच्या घरावर लादलेलं. त्याला ते काम नको आहे, आणि वर्गातल्या मुलांनी आपल्याला ते करताना बघू नये असं तर फारच वाटतं.

शेवटाकडच्या त्या लांबलेल्या पाठलागात एक क्षण येतो. डुक्कर अगदी हाताशी आलेलं आहे. तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या थांबतो. घरचे सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुकराला अर्थातच हा नियम माहीत नाही. ते निसटतं.

हा प्रसंग नववीच्या वर्गात कसा घ्यायचा? आम्ही तो तीनदा दाखवतो.

पहिल्यांदा आवाज बंद करून. मुलं गोंधळतात. धावणारी माणसं एकदम पुतळ्यासारखी का झाली? आवाज नसेल तर हे थांबणं वेडेपणाचं दिसतं. मुलांना कळतं की प्रसंगाचं कारण चित्रात नाहीच, ते आवाजात आहे.

दुसऱ्यांदा चित्र झाकून, फक्त ऐकायचं. आधी धावपळ, आरडाओरडा, आणि मग लांबून राष्ट्रगीत. ते कुठून येतंय? शाळेतून. जब्या कुठे आहे? शाळेबाहेर. ज्या वेळी त्याने आत, रांगेत असायला हवं, त्या वेळी तो बाहेर डुकरामागे आहे. पण राष्ट्रगीत लागलं की उभं राहायचं, हा शाळेने दिलेला धडा त्याने चोख पाठ केलेला आहे. शाळा त्याच्यात आहे, तो शाळेत नाही. हे वाक्य आमचं, सिनेमात कुणी ते उच्चारत नाही. सिनेमाला ते म्हणायची गरजच पडत नाही.

तिसऱ्यांदा चित्र आणि आवाज दोन्ही. मग आम्ही एवढंच विचारतो : काय दिसलं, काय ऐकू आलं, आणि कोणत्या क्रमाने? 'म्हणजे काय' हे शेवटी. एका शाळेतली नववीची मुलगी म्हणाली होती, "इथे कुणी कुणाला थांबा म्हणत नाही, तरी सगळे थांबतात." प्रसंगाचं याहून नेमकं वर्णन आम्हांलाही जमलं नसतं, आणि त्यात 'सौंदर्य' हा शब्द नाही.

यात आणखी एक गंमत आहे, ती मोठ्या मुलांना सांगावी. २०१४ साली महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत सिनेमा सुरू होण्याआधी राष्ट्रगीत वाजत असे. म्हणजे 'फँड्री' बघणारा प्रेक्षक थोड्याच वेळापूर्वी स्वतः उभा राहून बसलेला. आता पडद्यावर तेच गीत, आणि पडद्यावरची माणसं उभी. आपण उठायचं की बसायचं? या पेचात प्रेक्षक क्षणभर जब्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो. मात्र त्याचं डुक्कर निसटत नाही. हा फरक ज्या मुलाला कळला त्याला सिनेमा कळायला लागला.

आणि लगेच दुसऱ्या तासाला निर्मिती. अभ्यास असा देतो : 'एक थांबणं' दाखवा. कुणीतरी काहीतरी करतंय आणि ते थांबतं. थांबायचं कारण चित्रात दिसता कामा नये, फक्त ऐकू यावं. वेळ जास्तीत जास्त एक मिनिट. मग बघा मुलं काय काय आणतात! कुकरची शिट्टी होते आणि अभ्यास करणारी मुलगी उठते. बाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज येतो आणि घरातलं हसणं बंद होतं. हे दुसरं ज्या मुलाने केलं, त्याने त्या मोटरसायकलबद्दल पुढे काही सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. संदेश मागितला असता तर 'व्यसनमुक्ती' अशी पाटी आली असती. आवाज मागितला म्हणून घर आलं.

फ्रान्समधला वाद

हा विचार आपल्याआधी इतरांनीही केला आहे. फ्रान्समध्ये २००० च्या सुमारास शिक्षणमंत्री जॅक लँग यांनी शाळांत कला नेण्याची मोठी योजना आखली, तेव्हा सिनेमाच्या बाजूने आलँ बर्गाला हे सल्लागार होते. ते समीक्षक आणि चित्रपटकार. २००२ साली त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा आमच्या शब्दांत असा : सिनेमा शाळेत दुसऱ्या कुठल्या धड्याचं वाहन म्हणून नको, कला म्हणून यायला हवा, शाळेच्या शिस्तीत पटकन न बसणारी एक परकी गोष्ट म्हणून. आणि विश्लेषण करताना तयार सिनेमाचे तुकडे करण्यापेक्षा, दिग्दर्शकासमोर सगळ्या वाटा अजून उघड्या होत्या त्या क्षणापर्यंत मागे जायचं. कॅमेरा इथेही ठेवता आला असता, मग तिथे का ठेवला? असं विचारलं की बघणारा मनाने करणारा होतो.

त्याच देशात १९९५ पासून चालणाऱ्या एका उपक्रमात मुलं दर वर्षी सिनेमातला एकच प्रश्न घेतात, त्यावर अनेक सिनेमांतले उतारे बघतात आणि त्याच प्रश्नावर स्वतः सिनेमा करतात. तिथला एक अभ्यास आम्ही सरळ उचलला : एक मिनिटाचं, न हलणाऱ्या कॅमेऱ्याचं, न कापलेलं एक दृश्य. लुमिएर बंधूंच्या पद्धतीने.

आयबी नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमातही अकरावी-बारावीच्या वयात फिल्म हा विषय आहे. तिथे सिनेमातल्या पाच मिनिटांपर्यंतच्या उताऱ्याचं लेखी विश्लेषण करावं लागतं आणि निर्मितीत वेगवेगळ्या भूमिका करून दाखवाव्या लागतात. रचना विचारपूर्वक केलेली आहे. पण दोन गोष्टी खटकतात. एक, केलेल्या प्रत्येक गोष्टीची कागदोपत्री नोंद इतकी, की मूल सिनेमा कमी आणि सिनेमाबद्दलचा अहवाल जास्त करतं. दुसरी उघड आहे : आपल्याकडे हा अभ्यासक्रम ज्या शाळांत आहे त्यांची फी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची. जब्याच्या शाळेपर्यंत तो पोचत नाही.

चार अभ्यास, एक फोन

मग जब्याच्या शाळेत काय करता येईल? आम्ही चार अभ्यास सांगतो. एक फोन, एक अंधारी खोली आणि एखादा प्रोजेक्टर किंवा टीव्ही एवढ्यात भागतं.

पहिला, एक मिनिट. लुमिएर बंधूंचे सुरुवातीचे सिनेमे जेमतेम पन्नास सेकंदांचे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ते दाखवले गेले, म्हणजे पॅरिसच्या पहिल्या खेळानंतर सहा-सात महिन्यांत. त्यांतला कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचा सिनेमा त्यांनी एकाहून अधिक वेळा केला, त्याच्या तीन आवृत्त्या आज बघता येतात. मुलांना तिन्ही दाखवा आणि फरक विचारा. एकीत घोडागाडी आहे, एकीत नाही. दार कधी उघडतं, कधी मिटतं? मग मुलांनी फोन विटांवर टेकवून शाळेच्या फाटकाचं एक मिनिट चित्रित करायचं. सुटीच्या घंटेआधी सुरू करायचं की नंतर? कॅमेरा शिपाईकाकांच्या उंचीवर की पाचवीतल्या मुलाच्या? एवढ्यात अर्धा विषय शिकून होतो.

दुसरा, आवाज. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त, १९५५ सालचा सिनेमा, हरिहर परगावाहून येतो. दुर्गा गेल्याचं त्याला ठाऊक नाही. तो तिच्यासाठी आणलेली साडी पुढे करतो. सर्वजयाचा बांध फुटतो, पण तिचं रडणं आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचा उंच सूर येतो. मुलांनी स्वतः एक दृश्य करावं, त्यातला मुख्य आवाज काढून टाकावा आणि त्या जागी दुसरा ठेवावा. हे जमलं की 'पार्श्वसंगीत सुंदर आहे' असं ते मूल पुन्हा लिहीत नाही.

तिसरा, जोड. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाचा तोच चेहरा कधी वाटीभर सूपशेजारी, कधी शवपेटीशेजारी ठेवला, आणि बघणाऱ्याला त्याच चेहऱ्यावर भूक आणि दुःख दिसलं, असा तो प्रसिद्ध प्रयोग. वर्गातल्या मित्राचा कोरा चेहरा घ्या. एकदा डब्याशेजारी ठेवा, एकदा निकालपत्राशेजारी. पंधरा मिनिटांचं काम. पण जोडणाऱ्याच्या हातात केवढी ताकद असते, आणि रोज फोनवर येणाऱ्या चित्रफितींत ती कशी वापरली जाते, हे त्या मुलाला कायमचं कळतं.

चौथा, आपल्या मातीतला. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' करण्याआधी वाटाण्याचं रोप उगवतानाची फिल्म केली. कुंडीसमोर कॅमेरा रोवून, दिवसांमागून दिवस थोड्या थोड्या चौकटी टिपत. ती दाखवून त्यांनी पैसे उभे करण्याची वाट काढली. १९१३ च्या सिनेमामागे हा वाटाणा आहे. कोणतीही शाळा हे करू शकते. विज्ञानाच्या बाई आणि मराठीचे सर एकत्र येतील असा दुसरा प्रकल्प आम्हांला माहीत नाही.

कॅमेरा कुणाच्या हातात?

आता सगळ्यात नाजूक भाग. गट पाडले की कॅमेरा कुणाकडे जातो? ज्याच्याकडे फोन आहे त्याच्याकडे, आणि बहुधा मुलाकडे. मुलींच्या वाट्याला येतं अभिनय करणं आणि वहीत लिहिणं. शिक्षकाने लक्ष घातलं नाही तर गावातली, घरातली उतरंड जशीच्या तशी गटात उतरते. म्हणून नियम एकच आणि कडक : दर अभ्यासाला कामं फिरली पाहिजेत. कॅमेरा, आवाज, जोडणी आणि 'आता सुरू' म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाकडे एकदा आला पाहिजे. फोन शाळेचा असावा, मुलाचा नव्हे. वर्गाला मिळून एक पुरतो.

आणि कॅमेरा कुणावर रोखायचा? शहरातल्या शाळांना वस्तीत जाऊन गरिबीवर फिल्म करण्याची मोठी हौस असते. भाव दयेचा असतो, पण ज्याच्यावर कॅमेरा रोखला त्याला विचारलेलं नसतं. 'फँड्री'च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट कॅमेऱ्याच्या, म्हणजे आपल्या दिशेने येतो. बघ्यांना तो मारलेला दगड आहे, आणि त्या बघ्यांत आपणही आहोत. शेवट समजावून सांगत बसण्यापेक्षा वर्गात विचारावं : कुणी तुमचं न विचारता चित्रीकरण केलं तर तुम्हांला काय वाटेल? मग नियम मुलंच करतात. आधी विचारायचं, केलेलं दाखवायचं, आणि नको म्हटलं तर पुसायचं.

गुण कसे द्यायचे?

हा प्रश्न शिक्षक हमखास विचारतात. आमचं म्हणणं, सिनेमाला गुण देऊ नका, निर्णयांच्या वहीला द्या. प्रत्येक अभ्यासानंतर मुलाने पाच ओळी लिहायच्या : काय ठरवलं, दुसरं काय ठरवता आलं असतं, ते का सोडलं. या पाच ओळी मार्गदर्शकातून उतरवता येत नाहीत, कारण शाळेच्या फाटकासमोर त्या मुलाने फोन कुठे ठेवला हे कोणत्याच मार्गदर्शकाला ठाऊक नसतं.

'पण शिकवणार कोण?' असाही आक्षेप येतो. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. तिथे सतीश बहादूर यांच्यासारख्या शिक्षकांनी चित्रपट रसास्वाद ही गोष्ट रुजवली, एकेक सिनेमा दृश्यागणिक उलगडून दाखवला. ती परंपरा आपल्या दारातली आहे. आणि तंत्राची भीती बाळगू नका, तंत्र मुलांना येतं. शिक्षकाला यायला हवं ते थांबणं, पुन्हा दाखवणं, आणि 'काय दिसलं?' असं विचारून उत्तर येईपर्यंत गप्प बसणं. भाषेचा चांगला शिक्षक हे आजही करतो.

सगळी मुलं दिग्दर्शक होणार नाहीत, व्हायलाही नकोत. पण त्यांतलं प्रत्येक मूल पुढची साठ वर्षं हलती चित्रं बघणार आहे आणि त्यांवरून माणसांविषयी मतं बनवणार आहे. पडद्यावर जे दिसतंय ते कुणीतरी ठरवून तिथे ठेवलंय, आणि ते वेगळंही ठेवता आलं असतं, एवढं त्याला सोळाव्या वर्षाच्या आत स्वतःच्या हातांनी कळलं पाहिजे. बोध त्याचा तो काढेल, आपण फक्त तो आधीच फळ्यावर लिहून ठेवू नये.